काजूचं फळ नेमकं कोणतं?

'फुलातून तयार होतं आणि पोटात बी असते ते फळ' ही फळ ओळखायची नेहमी सांगितली जाणारी कसोटी टोमॅटो, वांगं, भेंडी, दोडका यांना अगदी बरोबर लागू पडते. पण त्यावरून 'म्हणजे गोड आणि रसाळ ते तर फळ असणारच' असं जे म्हटलं जातं, ते मला पटत नाही. आमच्या कोकणातला काजूच बघा. बीच्या वरचा पिवळा-लाल, रसाळ बोंडू आपण फळ म्हणून मीठ लावून खातो, गोव्यात त्याच्या रसाची फेणी होते, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो फळच नाही. तो फुलाचा फुगलेला देठ! खरं फळ म्हणजे खाली लटकणारी, कवचासकट असलेली काजूची बी. झाडावर आधी तीच पूर्ण वाढते, देठ नंतर फुगतो.

आणि त्या खऱ्या फळाच्या आतल्या गराची आपण उसळ करतो. चैत्रात ओल्या काजूगरांची, ओलं खोबरं घालून केलेली उसळ ज्यांनी खाल्ली नसेल त्यांनी जरूर करून बघा. मात्र ओले काजू सोलताना हाताला आधी खोबरेल तेल चोळा, सालीतल्या चिकाने कातडी अक्षरशः सोलून निघते.