स्वतंत्र संचालकांना तुरुंगात टाकून काय मिळणार?

विनया_सीएस (धागाकर्ती)

काल 'रोखठोक' यांनी लिहिलं होतं: "स्वतंत्र संचालक म्हणजे सहीचे शिक्के. बैठकीचा भत्ता घ्यायचा आणि माना डोलवायच्या. घोटाळा झाला की सगळं मंडळ आधी आत टाका, चौकशी मागाहून करा." त्याखाली सहमतीची रीघ लागली. माझं उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. बोर्डाच्या खोलीत बसून इतिवृत्त लिहिणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे वाचून चीड आली. स्वतंत्र संचालक म्हणजे मालक किंवा नोकर नसलेला, बाहेरून आणलेला संचालक.

संचालक मंडळ कंपनी चालवत नाही. कंपनी चालवणारा माणूस ते नेमतं, त्याचा पगार ठरवतं आणि वेळ आली तर त्याला काढतं. हिशेब मंजूर करणं, प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मूळ मालकाच्या, इतर कंपन्यांशी होणारे व्यवहार तपासणं, जोखीम किती घ्यायची ते ठरवणं ही त्याची कामं. कायद्याने वर्षाला किमान चार बैठका लागतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मधल्या काळात आत काय शिजतंय ते बाहेरच्या संचालकाला कळणार कसं? बोर्ड नोटमधून, म्हणजे बैठकीआधी पाठवलेल्या टिपणातून. आणि ती नोट लिहितं व्यवस्थापन.

कागद सात दिवस आधी जायला हवेत. निकालांचे आकडे मात्र शेअरच्या किमतीवर परिणाम करणारे, म्हणून ते उशिरा दिले तरी चालतात. मग शेकडो पानांचं बाड आदल्या रात्री टॅबवर येऊन पडतं. त्यात भर टेबल आयटमची, म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीने ऐन बैठकीत समोर ठेवलेला कागद. एका कंपनीत प्रमोटरच्या दुसऱ्या कंपनीला कर्ज द्यायचा ठराव असाच आला होता. एका निवृत्त बँकर बाईंनी तो कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे आज नाही. पुढच्या बैठकीत आणा, तारणाच्या मूल्यांकनासकट." कुणी एक शब्द बोललं नाही. तो विषय पुन्हा कधी आला नाही. बाईंची पहिली मुदत संपली तेव्हा त्यांच्या फेरनेमणुकीचा विषयही आला नाही.

रोग आहे तो नेमणुकीत. संचालकांची नावं सुचवणारी नामांकन समिती कागदावर असते, नाव प्रमोटरच्या केबिनमधून येतं. २०१६ च्या डिसेंबरात उद्योगपती नस्ली वाडियांना टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्स या तिन्ही मंडळांवरून भागधारकांच्या मतदानाने काढलं गेलं. सायरस मिस्त्रींना हटवण्याच्या त्या वादात कोण बरोबर होतं यात मला पडायचं नाही. पण ते स्वतंत्र संचालक होते आणि सर्वात मोठा भागधारक त्यांच्या विरोधात गेल्यावर त्यांची खुर्ची राहिली नाही, एवढं सगळ्यांनी पाहिलं. २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, नेमणुकीसाठी दुहेरी मंजुरीचा प्रस्ताव मांडला होता: सगळ्या भागधारकांची आणि शिवाय प्रमोटर वगळून उरलेल्यांच्या बहुमताची. तो बाजूला पडला आणि २०२२ पासून आला विशेष ठराव, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान ७५ टक्के मतं. ज्याच्या हातात ७५ टक्के शेअर आहेत त्याला विशेष ठरावाची कसली अडचण?

आधी नेमणूक प्रमोटरच्या हातून काढा. ती तशीच ठेवून शिक्षा वाढवलीत तर सरळ माणूस बोर्डावर यायचाच बंद होईल आणि उरतील ते शिक्केच.

रोखठोक

माझ्याच वाक्यावर धागा निघालाय तर उत्तर देणं भाग आहे.

विनयाताई, तुमच्या बँकर बाईंना मनापासून नमस्कार. पण त्यांनी काय केलं? कागद वाचला आणि नाही म्हटलं. म्हणजे हे जमतं! मग बाकीच्यांना का जमत नाही?

सत्यम आठवा. १६ डिसेंबर २००८ ला संस्थापक रामलिंग राजूंच्या मुलांच्या दोन मायटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घ्यायचा ठराव मंडळाने एकमताने केला. सॉफ्टवेअर कंपनी आणि खरेदी कशाची, तर जमिनी आणि बांधकामाची. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक, बिझनेस स्कूलचे डीन, माजी कॅबिनेट सचिव. यांच्याकडे माहिती नव्हती? अक्कल कमी होती? गुंतवणूकदारांनी शेअर फेकायला सुरुवात केल्यावर काही तासांत तो बेत गुंडाळला. बाजाराला जे एका रात्रीत दिसलं ते यांना टेबलावर का दिसलं नाही? ७ जानेवारी २००९ ला राजूंचं पत्र आलं आणि हजारो कोटींची रोकड मुळात नव्हतीच हे कळलं. त्याच्या काहीच महिने आधी या कंपनीला उत्तम कारभाराचं पारितोषिक मिळालं होतं.

आणि कायदा यांना आधीच वाचवतो. कंपनी कायद्याचं कलम १४९(१२) वाचा. स्वतंत्र संचालक जबाबदार कधी? गोष्ट त्याच्या माहितीत होती आणि त्याची संमती होती तर, किंवा त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही तर. शेवटचा भाग कुणी लावतंय का? भत्ता बैठकीला एक लाखापर्यंत, वर नफ्यातलं कमिशन. जबाबदारी आली की "आम्हाला कागद उशिरा मिळाले."

मकरंद

अंतर्गत लेखापरीक्षण करतो, म्हणून दोघांच्या मधलं सांगतो.

लेखापरीक्षण समितीपुढे आमचा विषय बहुतेक वेळा शेवटचा असतो. कुणाला विमान गाठायचं असतं, जेवण लागलेलं असतं. एका ठिकाणी आमच्या अहवालात गंभीर मुद्दा होता: एकाच पत्त्यावरचे अनेक पुरवठादार. सीएफओ, म्हणजे कंपनीचा अर्थप्रमुख, शेजारीच बसलेला. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "व्यवस्थापन यावर काम करतंय ना?" सीएफओ म्हणाला, हो. झाला विषय. मला एकट्याला बोलावून एक प्रश्न विचारला असता तर मी सगळं सांगितलं असतं. समितीला तो अधिकार आहे, त्यासाठी नवा कायदा नको.

सत्यमच्या त्या बैठकीत मूल्यांकनावर काहींनी प्रश्न विचारले होते, हेही रोखठोक यांनी लक्षात घ्यावं. प्रश्न विचारले आणि तरी हात वर केला. मला ते जास्त खुपतं. विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घेता येतं. ते का केलं नाही?

ठेवीदार

अवांतर होईल, पण लिहितो.

तुम्ही मोठमोठ्या कंपन्यांचं बोलताय. आमच्या नागरी सहकारी बँकांचे संचालक कोण बघणार? माझ्या आईची ठेव एका सहकारी बँकेत अडकली आहे. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ती पासबुक घेऊन शाखेत गेली. शटर अर्धं खाली, दारावर टाइप केलेली नोटीस. मॅनेजर म्हणाला, "आजी, वरून आदेश आहे." अध्यक्ष त्या दिवशी कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं. वार्षिक अहवालात मात्र त्यांचा हार घातलेला फोटो पहिल्या पानावर.

पीएमसी बँकेत सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेलं निघालं. ते लपवायला एकवीस हजारांवर खोटी खाती. सप्टेंबर २०१९ मध्ये लोकांना सुरुवातीला काढता आले फक्त हजार रुपये. मंडळ होतं की तिथेही! तुमच्या कंपन्यांत निदान बाहेरचा माणूस बसतो. आमच्याकडे अध्यक्ष, त्यांचे व्याही आणि व्याह्यांचा भागीदार.

मकरंद

@ठेवीदार, हे अवांतर नाहीच. संचालकांना आणि नातेवाइकांना कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, म्हणून कर्ज मित्राच्या नावावर निघतं. २०१९ च्या अखेरीस शंभर कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं गेलं, बँकिंग कळणारी माणसं असावीत म्हणून. पण ते नेमतं कोण? संचालक मंडळच.

ठेवीदार

तेच म्हणतोय. आणि संचालकपदाची सलग मुदत आठ वर्षांवरून दहा केली २०२५ मध्ये. कुणासाठी? ठेवीदाराने मागितली होती का?

रोखठोक

ठेवीदार यांनी नकळत विनयाताईंच्या मुद्द्याचा पायाच काढून घेतला आहे. ताईंचं म्हणणं, प्रमोटरऐवजी छोट्या भागधारकांच्या मताने नेमणूक करा, सगळं सुधारेल. सहकारात तर एक सभासद एक मत! तुमचा एक शेअर असो की हजार. यापेक्षा लोकशाही नेमणूक कुठे मिळणार? तरी तीच घराणी, तेच पॅनल, तीच बिनविरोध निवडणूक. मत देऊन माणूस स्वतंत्र होत नाही. त्याला भीती वाटली पाहिजे.

विनया_सीएस

@रोखठोक, हा मुद्दा जड आहे, आणि नुसत्या मतदानाने भागत नाही हेही मान्य. पण सहकारी बँकेचा सभासद अहवाल वाचत नाही, सभेला जात नाही, आणि कर्जदारालाही सभासद व्हावंच लागतं. ज्याला कर्ज हवंय तोच कर्ज देणाऱ्याला निवडतो. ज्याचे पैसे बुडतात त्या ठेवीदाराला बहुतेकदा मतच नसतं. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीत तसं नाही. तिथे म्युच्युअल फंड आहेत, विमा कंपन्या आहेत. फंडांना २०२२ च्या एप्रिलपासून प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं आणि का दिलं तेही जाहीर करावं लागतं. ती माणसं ताळेबंद वाचतात. त्यांच्या मताला वजन द्या, एवढंच मागते आहे.

सुनंदा

भीतीबद्दल बोलायचंय, कारण ती आम्ही घरात पाहिली आहे.

माझे वडील निवृत्त प्राध्यापक. एका छोट्या सूचीबद्ध कंपनीवर स्वतंत्र संचालक होते. पटेना म्हणून त्यांनी राजीनामा दिला. नंतर कंपनीचा एक धनादेश वटला नाही आणि समन्स यांच्या नावाने घरी आलं. सही यांची नव्हती, पदावरही नव्हते. तरी परगावच्या कोर्टात तारखा. वकील म्हणायचा, खटला रद्द होईल. झालाही. पण तोवर बाबा बेल वाजली की दचकायचे.

दैनंदिन कारभार न पाहणाऱ्या संचालकाला अशा खटल्यात उगाच ओढू नये असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. मार्च २०२० मध्ये कंपनी मंत्रालयाने परिपत्रकही काढलं. खाली कोण वाचतं? जेपी इन्फ्राटेक या घरबांधणी कंपनीच्या वेळी २०१७ मध्ये स्वतंत्र संचालकांनाही स्वतःची मालमत्ता विकायला मनाई झाली होती. घर अडकलेल्या ग्राहकांचं दुःख खरं आहे, मी नाकारत नाही. पण "आधी आत टाका" लिहिण्याआधी समोर कोण माणूस आहे ते पाहा.

रोखठोक

वडिलांना झालेला त्रास चुकीचाच होता. पण तुम्ही लिहिलंय, पटेना म्हणून राजीनामा दिला. काय पटेना? ते त्यांनी राजीनाम्यात लिहिलं होतं का? की "वैयक्तिक कारणास्तव"?

सुनंदा

तुम्ही माझ्या वडिलांची उलटतपासणी घेताय? ते आज उत्तर द्यायला नाहीत. त्यांनी काय लिहावं हे कीबोर्डमागे बसून तुम्ही ठरवू नका.

विनया_सीएस

रोखठोक, हे थांबवा. मुद्द्यावर बोला, कुणाच्या घरात शिरू नका.

रोखठोक

सुनंदाताई, ते गेले आहेत हे माहीत नव्हतं. त्यांच्यावर रोख नव्हता, दुखावलं असेल तर क्षमस्व. पण प्रश्न मागे घेत नाही, कारण तो सगळ्यांसाठी आहे. जो संचालक गप्प राहून बाहेर पडतो, तो आपल्यामागे राहिलेल्या भागधारकाला अंधारात ठेवून जातो. त्याला धोका दिसलेला असतो, आम्हाला नाही. तेव्हा शेअर माझ्याकडे असतो.

पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएलअँडएफएस घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने मंडळ बरखास्त केलं तेव्हा कर्जाचा डोंगर नव्वद हजार कोटींच्या वर होता. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत पतमानांकन सर्वोच्च. कागदावर जोखीम समिती होती, तिच्या बैठका वर्षानुवर्षं झाल्याच नव्हत्या. यात टेबल आयटमचा काय संबंध? आपली समिती बसलीच नाही हे कळायला कुठली बोर्ड नोट लागते?

मकरंद

याला उत्तर नाही. समिती न बसणं हा माहितीचा अभाव नव्हे, थेट कर्तव्यातली कसूर आहे. १४९(१२) मधली दक्षता इथेच लावायला हवी.

विनया_सीएस

हो, इथे मी त्यांचा बचाव करणार नाही. कागद कुणी लपवला तर संचालक काय करणार, हा माझा प्रश्न कायम आहे. पण बैठकच न घेणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. तुरुंग नको. पदावर राहायला बंदी आणि घेतलेलं कमिशन परत, हे लागू करा. बोर्डावरच्या माणसाला प्रतिष्ठा फार प्यारी असते, मी रोज पाहते.

राजीनाम्याचं सांगते. सूचीबद्ध कंपनीतून मुदतीआधी बाहेर पडणाऱ्या स्वतंत्र संचालकाने सविस्तर कारणं द्यायची आणि दिलेल्याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही असंही लिहून द्यायचं, असा नियम आहे. ती पत्रं एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर मिळतात. बहुतेकांत "इतर व्यग्रता" असतं, आणि महिन्याभरात तोच माणूस दुसऱ्या मंडळावर दिसतो. त्याला कुणी विचारत नाही. तुरुंगाची भाषा करणाऱ्यांनी सेबीकडे आधी एवढी मागणी लावून धरा की हे पत्र खोटं ठरलं तर पुढचं संचालकपद नाही.

रोखठोक

ही मागणी मला चालेल. "आधी आत टाका" सोडतो, पण फक्त ज्यांनी विरोध नोंदवला त्यांच्यापुरतं. ज्यांनी मान डोलावली त्यांच्याबद्दल माझं मत तेच आहे.

ठेवीदार

तुमचं जमलं, आनंद आहे. सहकारी बँकेच्या संचालकाच्या राजीनाम्याचं पत्र कुठे बघायला मिळतं? आमच्या बँकेतून निर्बंधांच्या आधी दोघे बाहेर पडले होते. कारण कुणालाच सांगितलं नाही. नियम असेल तर कलम सांगा, उद्याच अर्ज करतो.

मकरंद

एक्स्चेंजवर टाकतात तसं तुमच्याकडे काही नाही. आई सभासद असेल तर तिच्या नावाने बँकेकडे इतिवृत्ताची प्रत मागा, आणि तेच पत्र सहकार खात्याच्या निबंधकांना पाठवा. पोच घ्या, तोंडी विचारू नका. मसुदा करून व्यनि (खासगी निरोप) करतो.