नागपूरला ‘उपराजधानी’ नेमकं कोणत्या कायद्याने केलं?

वैनगंगाकाठ: राज्यसेवेच्या मुलांसाठी टिपण करते आहे, तीन ठिकाणी अडलंय. उपराजधानीचा दर्जा कुठल्या कायद्यात आहे? नागपूर करारात ‘सहा आठवड्यांचं अधिवेशन’ असं खरंच लिहिलंय का? आणि ‘राजधानीपद गमावलेलं भारतातलं एकमेव शहर’ हे वाक्य सगळीकडे सापडतं, ते टिकतं का?

जुनी_फाईल: कुठल्याच कायद्यात नाही. राज्यघटनेत राज्याच्या राजधानीचीच तरतूद नाही, तर उपराजधानीची कुठून असणार! नागपूरचं अधिवेशन भरतं ते अनुच्छेद १७४ खाली. राज्यपाल त्यांना योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी सभागृह बोलावतात, फक्त दोन अधिवेशनांच्या मध्ये सहा महिने जाता कामा नयेत. म्हणूनच २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली तेव्हा विदर्भातून ओरड झाली, पण कायदा कुठे मोडला नव्हता.

करार २८ सप्टेंबर १९५३ चा, आणि तो विदर्भासह मराठी भाषकांचं एक राज्य करण्याबाबत पुढाऱ्यांमधला राजकीय समझोता आहे. शासन दरवर्षी ठरावीक काळ अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि त्या काळात विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे होईल, एवढंच त्यात म्हटलंय. आठवड्यांचा आकडा नाही. ‘सहा आठवडे’ नंतर भाषणांतून चिकटलं असावं. टिपणातून काढून टाका.

मुलं हमखास चुकतात ती घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) पाशी. ही तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्या, हे तिचे विषय. अधिवेशनाबद्दल त्यात एक अक्षर नाही. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ साली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

कलम_४१: वरच्या उत्तराला एक पुरवणी. करारातली एक गोष्ट मात्र पक्क्या कायद्यात उतरली, ती म्हणजे उच्च न्यायालय. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० च्या कलम ४१ प्रमाणे किमान तीन न्यायाधीशांनी नागपूरला बसलंच पाहिजे. अधिवेशन राज्यपालांच्या आदेशावर, खंडपीठ संसदेच्या कायद्यावर. हा फरक मुलांना नीट समजावून सांगा. १९३६ ते १९५६ नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालयच होतं.

व्यवहारात याचा अर्थ असा: गडचिरोलीच्या माणसाची रिट याचिका साधारणपणे नागपूरला दाखल होते, पण ज्या धोरणाविरुद्ध ती आहे त्याची फाईल मंत्रालयात असते. शिवाय मुख्य अर्थसंकल्प मुंबईच्या अधिवेशनात मांडला जातो. नागपूरला सहसा येतात त्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर लागणाऱ्या जादा खर्चाच्या.

सीताबर्डी_टेकडी: ‘एकमेव’ सरळ चूक. कर्नूल १ ऑक्टोबर १९५३ पासून आंध्र राज्याची राजधानी होतं आणि त्याचं ते पद नागपूरबरोबरच, १ नोव्हेंबर १९५६ ला गेलं. ओडिशाची राजधानीही कटकहून भुवनेश्वरला गेलेली आहे. नागपूरचं वेगळेपण कालावधीत आहे: १८६१ ला मध्य प्रांताची राजधानी, पुढे वऱ्हाड जोडलं गेल्यावरही तीच, १९५० नंतर मध्य प्रदेशाची, म्हणजे सलग ९५ वर्षं. त्याआधीची भोसल्यांची गादी वेगळीच. १८५३ ला इंग्रजांनी राज्य खालसा केलं तेव्हाही कारभार इथूनच चालला. फाजल अली आयोगाने (राज्य पुनर्रचना आयोग) १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली असती तर हा धागाच निघाला नसता!

म्हणूनच १९६० ला अधिवेशन भरवताना विधानभवन, सचिवालय, राजभवन सगळं आयतं होतं. आजही त्या काळात मुख्यमंत्री रामगिरीवर, मंत्री रविभवनात, आमदार आमदार निवासात; मोर्चे मॉरिस कॉलेज टी पॉइंट किंवा टेकडी रोडवर अडवले जातात. हंगाम चुकला की काय होतं ते २०१८ ला दिसलं: पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतलं, ६ जुलैला विधानभवनाच्या विद्युत कक्षात पाणी शिरलं, वीज गेली आणि कामकाज तहकूब करावं लागलं.

वैनगंगाकाठ: आभार. मग ‘१९५६ ला नागपूर महाराष्ट्रात आलं’ हेही खोडायचं ना?

जुनी_फाईल: हो. विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आले. महाराष्ट्र १ मे १९६० चा. पर्यायांत दोन्ही नावं दिलेली असतात, तिथेच गुण जातात.