नऊ एकांचा वर्ग: एक्सेल शेवटचे २१ का गिळतं?

सव्वासातची_लोकल
लेक सातवीत आहे. काल तिला १११११११११ चा वर्ग करायला दिला. वही आडवी धरून तिनं नऊ ओळी मांडल्या, उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. मी ताळा करायला एक्सेल उघडलं, सेलचा फॉरमॅट 'नंबर' केला, तर तिथे १२३४५६७८९८७६५४३००! एककाला १ गुणिले १, मग शून्य कुठून? बाईसाहेब म्हणतात, "बाबा, तुमचं एक्सेल नापास." शिवाय दहा एक घेतले की ही नक्षी मोडते. असं का?

फळा_खडू
लेक पास. एक्सेल पहिले पंधराच अंक सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. तुमची संख्या सतरा अंकी.

नक्षीचं गुपित हातच्यात आहे. तिची मांडणी पुन्हा बघा: मधल्या उभ्या रांगेत नऊ एक, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातात. हातचा कुठेच नाही. म्हणून वहीत जेवढे एक लिहिले, नऊ नव्वे एक्क्याऐंशी, तेवढीच उत्तरातल्या अंकांची बेरीज. दहा एक घेतलेत की मध्ये दहा भरतात. शून्य मांडा, हातचा एक. तो शेजारच्या नवात पडला की परत दहा, परत हातचा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज १०० व्हायला हवी होती, भरते ८२. कारण प्रत्येक हातच्याला दहा जातात आणि एक येतो, नऊचा खड्डा. दोन हातचे, अठरा गेले. (वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हातचे मोजायला लागायची.)

आता तिला मूळ उत्तराला ८१ ने भागायला सांगा. बाकी शून्य, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. त्यात ८ नाही बरं का, टायपो नव्हे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर 'हर्षद' म्हणत. आणि तुमच्या या नक्षीदार संख्येचं घराणं त्यांच्याच भाषेत 'डेमलो'. जुन्या जीआयपी रेल्वेवरच्या स्टेशनाचं नाव ते, आजचं डोंबिवली.

दोन_फुल्या
पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत १११११११११**२ करा, शेवटच्या २१ सकट मिळेल. अवयव हवे असतील तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्ग आहे, त्यामुळे विषमच असणार.

सव्वासातची_लोकल
अहो, मी चौदा वर्षं डोंबिवलीलाच गाडी पकडतोय!
भागाकारात दीड पान गेलं, बाकी शून्य आली. मग तिनं न सांगता अकरा एक मांडले. चार हातचे, बेरीज ८५. १२१ वजा ३६, जुळलं. आता बारा मांडायला मोठा कागद मागतेय.