घराचं इंटिरियर स्वतः शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

अंगण: नाशिकला टूबीएचके घेतलाय, पुढच्या महिन्यात ताबा. डिझायनर परवडणार नाही, पण सगळं सुतारावर सोडायचंही नाही, म्हणून मूळ गोष्टी शिकायच्या म्हणतेय. रंगसंगतीपासून सुरू करू का?

मोजपट्टी: रंग सगळ्यात शेवटी गं, आधी मापं! मी डोंबिवलीत छोट्या घरांची कामं करते. पैसा वाया गेलेला दिसतो तो बहुतेकदा मापं न घेता केलेल्या फर्निचरमध्ये. टेप घेऊन भिंती, दारं, खिडक्यांची उंची, बीम, स्विचबोर्ड सगळं टिपून घे. ग्राफपेपरवर एका फुटाला 2 सेंटिमीटर धरून नकाशा काढ, त्याच मापात पुठ्ठ्याचे पलंग-कपाट काप आणि फिरवून बघ.

समजा, बेडरूम 10 बाय 11 ची आहे. पलंग 5 बाय साडेसहा, कपाट 2 फूट खोल. 11 फुटांच्या बाजूला पलंगाच्या पायथ्याशी कपाट आलं तर मध्ये अडीच फूट उरतात. ड्रॉवर दीड फूट बाहेर आला की उभं राहायला फूटभरच जागा! तेच कपाट बाजूच्या भिंतीला घेऊन पलंग समोरच्या भिंतीला टेकव, मध्ये 3 फूट मिळतात. दार कुठे उघडतं तेही आख.

ओट्याचं माप घरात पोळ्या लाटणाऱ्या माणसावरून ठरव. कोपरापासून साधारण 4 ते 6 इंच खाली. लाटताना वरून जोर द्यावा लागतो. ओटा उंच असला की खांदे वर चढतात आणि मान धरते. बिल्डरने ओटा आधीच बांधला असेल तर निदान वरची कपाटं तरी हात पोचेल अशी लाव.

उजेड: ताईंशी सहमत. त्यात दिव्यांची भर घालतो. स्वयंपाकघरात छताच्या मधोमधच दिवा असला की ओट्याशी उभं राहिल्यावर आपलीच सावली भाजीवर पडते. वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावा, 4000 केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). बेडरूमला 2700 ते 3000 पुरे. आकडा खोक्यावर छापलेला असतो. पॉइंट मात्र रंगकामाआधी काढून घ्या.

अंगण: ग्राफपेपर आजच आणते. ताई, सुतार म्हणतो सगळीकडे कमर्शियल प्लाय चालेल. खरंय का?

मोजपट्टी: सिंकखाली अजिबात नको. तिथे आयएस 710 (हा भारतीय मानकाचा क्रमांक) चा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घे, कोरड्या खोल्यांत आयएस 303 चा कमर्शियल चालतो. शिक्का शीटवर असतो, तो माल उतरतानाच तपास. कापून सनमायका चढला की काहीच कळत नाही.