शब्दचर्चा : ‘एफडीए क्लिअर्ड’ म्हणजे मंजूर, मान्यताप्राप्त की आणखी काही?

खर्डेघाशी
शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटरीला गुंडाळायचा हवेचा पट्टा असतो, मिनिटातून साधारण एकदा फुगणारा. अशा एका नव्या पट्ट्याच्या माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. मथळ्याखालच्या छोट्या चौकटीत फक्त ‘एफडीए क्लिअर्ड’ आहे (एफडीए म्हणजे अमेरिकेतली अन्न-औषध नियामक संस्था). पहिल्या खर्ड्यात ‘एफडीए-मान्यताप्राप्त’ होतं, तपासणाऱ्याने ते ‘एफडीए-मंजूर’ केलं आणि कंपनीच्या कायदा विभागाने दोन्हींवर फुली मारून शेरा दिला : ‘क्लिअर्ड’ आणि ‘अप्रूव्ह्ड’ला एकच शब्द चालणार नाही. पर्यायी शब्द मात्र दिला नाही. चौकटीत दोन शब्द मावतात, फार तर तीन. सुचवा.

मोजपट्टी
शेरा योग्य आहे. अमेरिकेत उपकरणांचे मुख्य रस्ते तीन आणि तिन्हींची क्रियापदं वेगळी.

बहुतेक मध्यम जोखमीची उपकरणं ५१०(के) या कलमाखाली जातात. तिथे कंपनी इतकंच दाखवते की आमचं उपकरण बाजारात आधीपासून असलेल्या अमुक उपकरणाशी पुरेसं समतुल्य आहे. संस्थेला पटलं की पत्र येतं : समतुल्य वाटतं, तेव्हा तुम्ही ते विकू शकता. हे ‘क्लिअर्ड’. हृदयाच्या कृत्रिम झडपेसारखी वरच्या जोखमीची उपकरणं पीएमए (प्रीमार्केट अप्रूव्हल) या रस्त्याने जातात, तिथे सुरक्षितता आणि परिणामकारकता यांचा पुरावा स्वतंत्रपणे मांडावा लागतो. ते ‘अप्रूव्ह्ड’. जोखीम फार नाही पण तुलनेला जुनं उपकरणच सापडत नाही, तेव्हा डी नोव्हो. त्याला ‘ग्रँटेड’ म्हणतात. ॲपल वॉचमधल्या ईसीजीला २०१८ मध्ये मिळालं ते हे तिसरं, आणि बातम्यांमध्ये सर्रास ‘मान्यता’ छापून आलं.

चौथा शब्द ‘रजिस्टर्ड’. तो तर नुसता कारखान्याची नोंद झाल्याचा. त्या नोंदीच्या जोरावर मान्यतेचा आभास निर्माण करणं तिथल्या नियमांत दिशाभूल ठरतं.

तुम्हाला खात्री करायची असेल तर कंपनीकडे फाइल क्रमांक मागा. के ने सुरू होत असेल तर क्लिअर्ड, पी ने सुरू होत असेल तर अप्रूव्ह्ड, डीईएन असेल तर डी नोव्हो. के नंतरचे पहिले दोन आकडे वर्षाचे. संस्थेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की वापराचे संकेत, म्हणजे उपकरण कोणासाठी आणि कशासाठी, नेमके कोणते ते दिसतं. माहितीपत्रक त्या संकेतांच्या पुढे गेलं असेल तर अनुवाद थांबवा, कारण ‘क्लिअर्ड’ हा शिक्का फक्त तेवढ्याच वापरापुरता आहे.

बाराखडी
शब्द हाताशीच आहे की : ना हरकत. ‘विक्रीस ना हरकत’. संस्था म्हणत नाही की हे उत्तम आहे, म्हणते आमची आडकाठी नाही. सरकारी कागद वाचणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हा भेद सांगावा लागत नाही. ना हरकत दाखला म्हणजे शिफारसपत्र नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

‘मंजूर’ मुळात अरबी, नजरेच्या कुळातला, म्हणजे ‘पाहिलेला’. त्या हिशेबाने पाहिलं तर क्लिअर्डला मंजूर चालायला हवं, कारण फाइल पाहिलेली आहेच! पण आजच्या मराठीत मंजूर म्हणजे पसंतीची मोहोर, तेव्हा व्युत्पत्ती बाजूला ठेवू.

अवांतर : हरकत म्हणजे मुळात हालचाल. हिंदीत ती आगळीक झाली, गाण्यात ती गळ्याची करामत राहिली, मराठीत मात्र ती आक्षेप झाली.

पूर्णविराम
हरकत, मंजूर, परवाना… वैद्यकीय मजकुरात ही कचेरीतली फारसी-अरबी कशाला? ‘अनुज्ञा’ हा स्वच्छ शब्द आहे. क्लिअर्ड = अनुज्ञात, अप्रूव्ह्ड = अनुमोदित, ग्रँटेड = प्रदत्त. तीन क्रियापदं, तीन शब्द, गोंधळ नाही.

तळटीप
गोंधळ नाही कारण कुणाला काही कळणारच नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पलंगावर बसून हे पत्रक वाचणारा माणूस ‘अनुज्ञात’ आणि ‘अनुमोदित’ यांतला फरक कुठून ओळखणार? दोन्हींची सुरुवात सारखी, दोन्ही सारखेच जड. शिवाय शासकीय मराठीत अनुज्ञप्ती म्हणजे परवाना, त्यामुळे जे थोडे ओळखतील ते परवानाच समजतील.

मला मुभा बरा वाटतो. ‘विक्रीची मुभा’. हाही अरबी, मुबाह. इस्लामी धर्मशास्त्राच्या परिभाषेत मुबाह म्हणजे ज्याची आज्ञाही नाही आणि मनाईही नाही. ५१०(के) ची नेमकी हीच स्थिती.

पूर्णविराम
मुभा मुलांना देतात, सुट्टीत उशिरा उठण्याची. यंत्राला मुभा हास्यास्पद वाटतं. आणि लोकांना कळत नाही म्हणून शब्द द्यायचाच नाही, तर तो रुळणार कधी? ‘महापौर’ही कधीतरी जडच वाटला असेल.

मोजपट्टी
अनुमोदितला माझा वेगळा आक्षेप आहे. अनुमोदन सभेत देतात, ठराव मांडणाऱ्याला दुजोरा म्हणून. पीएमएत संस्था दुजोरा देत नाही, पुरावा तपासून निर्णय करते. तिथे सरळ ‘मान्यता’ ठेवा. म्हणजे क्लिअर्डला ना हरकत किंवा मुभा, अप्रूव्ह्डला मान्यता.

अनुस्वार
या चौकटीच्या वर मथळ्यात काय आहे? अशा पत्रकात ‘रिव्होल्युशनरी’, ‘इनोव्हेटिव्ह’, ‘फर्स्ट ऑफ इट्स काइंड’ असतंच. गंमत बघा, संस्थेकडे कंपनीने लिहून दिलंय की आमचं जुन्यासारखंच आहे, आणि त्याच उत्तराच्या चौकटीवर ‘असं कधी झालंच नव्हतं’ ही जाहिरात. दोन्ही एकाच पानावर अनुवादायचं, म्हणजे अनुवादकालाच दातखीळ बसायची.

खर्डेघाशी
आहे. ‘ब्रेकथ्रू इनोव्हेशन’ आहे. त्याचं ‘क्रांतिकारी नाविन्य’ केलंय.

पूर्णविराम
नावीन्य. वी दीर्घ. नवीन + य.

बाराखडी
सहमत, पण शब्दच चुकतोय. नावीन्य हा गुण झाला, नवेपणा. इनोव्हेशन ही घडवलेली गोष्ट आहे. नवोन्मेष घ्या. उन्मेष म्हणजे उघडणं, उमलणं. प्रतिभेला नवनवोन्मेषशालिनी म्हणतात ते उगाच नाही.

तळटीप
पोटरीवर फुगणाऱ्या पिशवीला नवोन्मेष! कवितेला राहू द्या तो. ‘नवी रचना’ म्हणा आणि काय नवं ते पुढे सांगा : पिशवीचे कप्पे एकाऐवजी तीन, किंवा पंप बॅटरीवर चालतो म्हणून चालताना काढावा लागत नाही. हे दुसरं खरंच महत्त्वाचं आहे. हा पट्टा पायावर असेल तेवढाच वेळ काम करतो. रोज किमान १८ तास तो अंगावर असावा असं मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि प्रत्यक्षात रुग्ण संडासला जाताना काढतो, परत लावायचा राहतो, तारेत पाय अडकतो म्हणून नर्सही सोडून ठेवते. ‘क्रांतिकारी’ऐवजी ‘बॅटरीवर ६ तास’ असं काही लिहिलं तर ते तपासता तरी येतं. तास किती, ते कंपनीला विचारा.

अवांतर : त्याला पट्टा म्हणू नका, पट्टा कमरेला. वॉर्डात सगळे ‘डीव्हीटी पंप’ म्हणतात, डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेतली गुठळी.

पूर्णविराम
‘पोटरीपट्टी’ काय वाईट आहे?

मोजपट्टी
पट्टी म्हटलं की बँडेज डोळ्यांपुढे येतं, आणि लोक ते घट्ट आवळतात. यात आवळायचं नसतं, पट्टा आणि पोटरी यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत, दाब पंप देतो. शब्दामुळे वापर चुकतो तो असा. ‘पंप’ बरोबर आहे.

खर्डेघाशी, पत्रकात धोका कमी होण्याचं वाक्य कसं आहे?

खर्डेघाशी
‘गुठळीचा धोका ५० टक्क्यांनी कमी.’ खाली आकडे नाहीत.

मोजपट्टी
मग चौकट विसरा, खरी भानगड इथे आहे. समजा पंपाशिवाय १००० जणांपैकी ४० जणांना गुठळी होते आणि पंपाने २० जणांना. धोका ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. याला ‘५० टक्क्यांनी कमी’ही म्हणता येतं आणि ‘२ टक्क्यांनी कमी’ही. मराठीत दोन्हींचा प्रत्यय तोच. आता समजा मुळातच धोका १००० मध्ये ४ होता आणि २ झाला. तरीही ‘५० टक्क्यांनी कमी’. पहिल्या गटात एक गुठळी टाळायला ५० जणांना पंप लावावा लागतो, दुसऱ्यात ५०० जणांना. जाहिरात मात्र शब्दशः तीच.

बाराखडी
त्यासाठी ‘टक्केबिंदू’ हा शब्द अर्थविषयक पानांवर चालतो. ‘२ टक्केबिंदूंनी कमी’.

अनुस्वार
चालतो म्हणजे छापतात. वाचणारा त्यातला बिंदू गाळून वाचतो. शिवाय ‘५० टक्क्यांनी’ आणि ‘५० टक्क्यांवर’ यांत लोकांची नेहमी गल्लत होते. ८० टक्क्यांचं ५० टक्क्यांनी कमी म्हणजे ४०, ५० टक्क्यांवर म्हणजे ५०. एका प्रत्ययाचा खेळ, आणि मुद्रितशोधनात तो हमखास निसटतो, कारण दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध असतात.

मोजपट्टी
म्हणून टक्के टाळायचे. रीत अशी : (अ) छेद दोन्हीकडे सारखा ठेवा, ‘१००० जणांमागे ४० ऐवजी २०’. ‘२५ पैकी एकाऐवजी ५० पैकी एकाला’ असं कधीच नको, मोठा आकडा पाहून धोका वाढला असं वाटतं. (आ) मुदत लिहा : किती दिवसांत? (इ) कोणात : गुडघा बदललेल्यांत की सगळ्याच शस्त्रक्रियांत? (ई) तोट्याचा आकडाही त्याच छेदात. फायदा ‘५० टक्क्यांनी’ आणि त्वचेची इजा ‘हजारात फक्त ५’ अशी जोडी जमवली की फायदा फुगतो आणि तोटा आक्रसतो.

आणि ‘गुठळी’ म्हणजे कोणती तेही विचारा. चाचण्यांमध्ये बऱ्याचदा सगळ्यांची डॉप्लर सोनोग्राफी करून गुठळ्या मोजतात, त्यांतल्या बऱ्याच मूक असतात, पाय सुजतही नाही. वाचक समजतो फुप्फुसात जाणारी, जीवघेणी. ‘सोनोग्राफीत दिसलेली गुठळी’ लिहा, दोन शब्द वाढले तरी चालतील.

तळटीप
‘चाचण्यांमध्ये’ हाही शब्द घोटाळ्याचा. मराठीत ट्रायलही चाचणी आणि टेस्टही चाचणी. ‘१२० रुग्णांवर चाचणी केली’ म्हणजे १२० जणांचं रक्त तपासलं की १२० जणांना पंप लावून पाहिला? मी ट्रायलला चाचणी आणि टेस्टला तपासणी, असं एका मजकुरात काटेकोर पाळतो.

पूर्णविराम
ट्रायलला ‘प्रयोग’ का नाही?

तळटीप
‘तुमच्यावर प्रयोग झाला’ असं वाचून संमतिपत्रावर कोण सही करेल? अर्थात प्रयोगच असतो, हेही खरं. तो शब्द टाळण्यात थोडं मार्केटिंग आहेच, मान्य.

अनुस्वार
मार्केटिंगच्या शब्दांत माझा लाडका शत्रू ‘अचूक’. ‘९० टक्के अचूक निदान.’ अहो, अ-चूक! चूक नाही ते अचूक. दहा टक्के चूक असलेलं अचूक कसं?

बाराखडी
रूढ झालंय. ‘अचूकता’ हे आता मापाचं नाव आहे. सगळे शब्द धातूपर्यंत उसवत बसलात तर ‘मंजूर’ही पाहिलेलाच राहील.

मोजपट्टी
शब्द राहू द्या, आकडा बघा. १००० जणांत आजारी १० आणि तपासणी ९० टक्के संवेदनशील (आजाऱ्यांतले ९० टक्के पकडणारी), ९० टक्के विशिष्ट (निरोग्यांतल्या ९० टक्क्यांना निरोगीच ठरवणारी). आजाऱ्यांतले ९ पकडले जातात. उरलेल्या ९९० निरोग्यांतले ९९ जणही ‘पॉझिटिव्ह’ येतात. म्हणजे पॉझिटिव्ह १०८, त्यांत खरे ९. जेमतेम ८ टक्के. पत्रकावर ‘९० टक्के अचूक’ आणि हातात पडतं ते हे.

‘संवेदनशील’वरही वाद होईल, पण मी थांबतो.

पूर्णविराम
होईलच. संवेदनशील म्हणजे हळवा. तपासणी कशी हळवी असेल? ‘संवेदी’ म्हणा.

अनुस्वार
वजनकाटा हळवा असतोच की. सोनार काय म्हणतात विचारा.

खर्डेघाशी
मंडळी, चौकट. ‘विक्रीस ना हरकत – एफडीए’ असं करून पाठवलं होतं. कायदा विभागाला चाललं. मार्केटिंगवाल्यांनी परत पाठवलंय : ‘ना’ने सुरू होणारं काहीही मथळ्याखाली नको, रुग्ण घाबरतील. ‘मुभा’ कायदा विभागाला अनौपचारिक वाटतो. शेवटी दोघांनी मिळून ‘एफडीए क्लिअर्ड’ हेच देवनागरीत ठेवा म्हटलंय.

तळटीप
ठेवा, पण चौकटीखाली एक ओळ मागून घ्या : ‘बाजारातील जुन्या उपकरणाशी समतुल्य आढळल्याने विक्रीस परवानगी.’ लहान टायपात का होईना.

पूर्णविराम
परवानगी फारसी आहे.

अनुस्वार
आणि त्या ओळीच्या बरोबर वर ‘क्रांतिकारी’. ती ओळ मार्केटिंगवाले छापतील असं वाटतंय तुम्हाला?