दिव्यांग डब्यात ‘तुला काय झालंय?’ विचारायचं कोणी?

निशिगंधा_ठाणे:
माझ्या भावाला हिमोफिलिया आहे. उंचापुरा, तरणाताठा मुलगा. रक्त गोठवणारा फॅक्टर 8 त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, त्यामुळे साध्या धक्क्यानेही गुडघ्यात आतल्या आत रक्त साचतं. बाहेर थेंबही दिसत नाही. पँटच्या आत गुडघा सुजून टणक झालेला असतो, पाय दुमडत नाही. काल ठाण्याला लोकलच्या दिव्यांग डब्यात चढला तर तिघांनी घेरलं. "चांगला धडधाकट दिसतोस, लाज नाही वाटत?" तो दिव्यांगत्वाचं कार्ड काढेपर्यंत एकाने दंड धरून दाराकडे ढकललं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, हिमोफिलिया त्यातलाच एक. कुबडी दिसली तरच माणूस खरा, हे कोणी ठरवलं?

मुलुंडचा_विजय:
ताई, ढकललं ते वाईटच. पण मला पोलिओ आहे, दोन्ही पायांत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या. रोज सकाळी धडधाकट माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली आणि मी दांडीला लोंबकळत. पोलीस कधीतरी येतात, दंड करतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही नाही विचारायचं तर कोणी? खोटे लाभ घेणारे असतात म्हणूनच तर कायद्यात कलम 91 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

वकील_कोपरी:
मग पुढचं कलम 92 पण वाचा. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं तर किमान 6 महिने, जास्तीत जास्त 5 वर्षं. संशय आला तर रेल्वे पोलिसांना कळवा. झडती घ्यायचा अधिकार प्रवाशाला नाही.

नाव_नको:
माझा आजार मानसिक आहे. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो. आमच्या सोसायटीतले लोक त्याच गाडीला असतात, त्यांच्यादेखत ते कार्ड कसं काढू? त्यापेक्षा जनरलमध्ये चेंगरत जातो.

निशिगंधा_ठाणे:
विजयदादा, कार्ड दाखवायला भावाची ना नाही. आधी बसू द्या, मग विचारा. वादावादीत एक धक्का लागला की इंजेक्शन, बर्फ आणि कामावर खाडा.

मुलुंडचा_विजय:
बसलेला माणूस उठवून दाखवा एकदा. मी मुलुंडला चढतो तेव्हा जागा उरलेली नसते. विचारायचं तर दारातच, पण हात न लावता, हे मान्य.