चर्चा: हद्द ओलांडणारी मेट्रो – गाडी एकसारखी हवी की स्थानक सोयीचं?

औंधकर:
मलेशियातलं जोहोर बाहरू आणि सिंगापूर यांना जोडणारा आरटीएस लिंक हा मेट्रोसारखा रेल्वेमार्ग फक्त दोन स्थानकांचा आहे. बुकित चागर ते वुडलँड्स नॉर्थ, साधारण ४ किमी, प्रवास पाचेक मिनिटांचा. खरी करामत स्थानकात आहे. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी निघतानाच एका ठिकाणी उरकायची, पलीकडे उतरलं की थेट बाहेर. पुण्यातही हिंजवडीची मेट्रो मार्गिका पीएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाची आणि बाकीची महामेट्रो या सरकारी कंपनीची. लोक 'गाड्या वेगळ्या का' म्हणून भांडतात. माझ्या मते भांडायचं तर दोन्ही जिथे मिळतात त्या सिव्हिल कोर्ट स्थानकात गाडी बदलताना किती चालावं लागतं यावरून. आणि तिकीट एकच हवं.

वाकडकर:
अजिबात पटलं नाही. २०१८च्या करारात सिंगापूरच्या थॉमसन-ईस्ट कोस्ट या मेट्रो मार्गावरच्या प्रणालीच्याच गाड्या होत्या, डेपोही सामाईक. २०१९मध्ये मलेशियाने खर्चावरून काम थांबवलं. जुलै २०२०मध्ये नव्याने सह्या झाल्या तेव्हा दोन्ही देश एलआरटीवर, म्हणजे हलक्या रेल्वेवर आले आणि स्वतंत्र डेपो जोहोरमध्ये बांधायचं ठरलं. पैसे वाचले हे मान्य, पण जोडणी कायमची तुटली. आपल्याकडे तर मध्ये देशाची सीमासुद्धा नाही! तरी हिंजवडीच्या गाड्यांना वीज ७५० व्होल्टच्या तिसऱ्या रुळातून, महामेट्रोच्या गाड्यांना २५ हजार व्होल्टच्या वरच्या तारेतून. इकडची गाडी तिकडे कधीच जाणार नाही. एका शहरात हे कोणी आणि का ठरू दिलं?

औंधकर:
जुन्या आराखड्यातही ती गाडी सिंगापूरच्या आत जाणार नव्हती. सीमेपुरतीच फेरी होती, प्रवाशाला उतरावं लागणारच होतं. मग गाडी कुठल्या जातीची याने त्याला काय फरक पडतो? दिल्लीतही सगळ्या मेट्रो मार्गांचे रूळ एका मापाचे नाहीत, लोक बदलून जातातच.

वाकडकर:
प्रवाशाला आज पडत नाही, तिजोरीला तीस वर्षं पडतो. दोन डेपो, सुटे भाग दोन प्रकारचे, दोन ठिकाणी शिकवलेली माणसं. एका मार्गावर गाड्या कमी पडल्या तर दुसरीकडच्या आणता येत नाहीत. हा खर्च शेवटी भाड्यातच येतो.

सांगवीची:
तुम्ही दोघंही गर्दीचं काहीच बोलला नाहीत. जोहोर-सिंगापूर पुलावरून रोज ३ लाखांच्या वर माणसं ये-जा करतात. नवी गाडी एका दिशेला तासाला १०,०००. म्हणजे बरेचजण बसनेच जाणार, आणि जे गाडीने जातील ते सकाळी एकाच वेळी स्थानकात येणार. दारं, जिने, बस थांबे तेवढे रुंद हवेत. हिंजवडीत तेच होईल. स्थानकापासून कंपनीचं गेट लांब, पदपथ धड नाही, पावसाळ्यात तर चालायलाच नको. पीएमपीच्या छोट्या बस मेट्रोच्या वेळेला जोडून मिळाल्या नाहीत तर माझ्यासारखी दुचाकीच काढेल.

औंधकर:
ताई, हे मात्र शंभर टक्के. मी म्हणतोय तेही हेच.

वाकडकर:
बसचं मान्य. पण पुढची मार्गिका ठरवताना वीजप्रणाली आधी एकच ठरवा, हा माझा आग्रह कायम आहे.